विश्लेषण : गुडघा टेकला नाही म्हणजे वर्णद्वेषी? खेळाडूंच्या निषेधावरून वाद का होतात?

२६ ऑक्टोबर २०२१. दुबईत ट्वेन्टी-२० विश्वचषकातील दक्षिण आफ्रिका-वेस्ट इंडिज सामन्याची नाणेफेक झाली आणि आफ्रिकेच्या संघात क्विंटन डी कॉकचे नाव नसल्याचे समोर आले. तो वैयक्तिक कारणांमुळे खेळणार नसल्याचे सांगण्यात आले. त्याला दुखापत झालेली नव्हती आणि तो आजारीही नव्हता. त्याच दिवशी सकाळी आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळाने सर्व खेळाडूंना सामन्यापूर्वी एक गुडघा टेकून वर्णद्वेषाचा निषेध नोंदवण्याचा आदेश दिला होता. डी कॉकने तो मानला नाही. सामना संपण्याआधीच समाजमाध्यमांवर अनेकांनी निकाल देऊन टाकला, की डी कॉक वर्णद्वेषी आहे. दोन दिवसांनी त्याचा खुलासा आला, तेव्हा चित्र तितके सरळ नसल्याचे दिसले. वर्णद्वेष म्हणजे नेमके काय आणि खेळाडूंनी मैदानावर राजकीय भूमिका घ्यावी का, हे दोन प्रश्न या प्रकरणात एकमेकांत कसे गुंतले आहेत, याचा हा आढावा.

डी कॉक प्रकरणात नेमके काय घडले?

विश्वचषकाच्या सुरुवातीला आफ्रिकेच्या खेळाडूंपुढे तीन पर्याय होते. गुडघा टेकणे, मूठ उंचावणे किंवा सावधान उभे राहणे. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्यामुळे एकाच संघातील खेळाडू तीन वेगवेगळ्या पद्धतींनी उभे असलेले दिसले. या छायाचित्रांवरून देशात टीका झाली. एकाच संघात वर्णद्वेषाबद्दल तीन मते कशी असू शकतात, असा सवाल विचारला गेला. मंडळाने मग पर्याय काढून घेतले आणि गुडघा टेकणे सर्वांना बंधनकारक केले. तेही दुसऱ्या सामन्याच्या दिवशी, काही तास आधी.

२८ ऑक्टोबरला डी कॉकने निवेदन प्रसिद्ध करून माफी मागितली. आपले कुटुंब मिश्रवंशीय असून सावत्र आई कृष्णवर्णीय आहे, सावत्र बहिणी आफ्रिकेत 'कलर्ड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिश्रवंशीय समाजाच्या आहेत, असे त्याने सांगितले. कृष्णवर्णीयांच्या आयुष्याचे मोल आपल्याला जन्मापासूनच ठाऊक आहे, त्यासाठी आंतरराष्ट्रीय चळवळीची गरज नव्हती, असा त्याचा युक्तिवाद होता. आपण वर्णद्वेषी असतो तर गुडघा टेकून खोटे वागणे सोपे होते, असेही तो म्हणाला. काय करायचे ते ऐन वेळी आदेशाने सांगितले गेल्यामुळे आपला हक्क हिरावल्यासारखे वाटले, हा त्याचा मुख्य आक्षेप होता. ३० ऑक्टोबरला शारजामध्ये श्रीलंकेविरुद्ध तो खेळला आणि त्याने गुडघाही टेकला.

दक्षिण आफ्रिकेत हा विषय इतका नाजूक का?

या देशात १९४८ पासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वंशानुसार माणसांची विभागणी करणारी राज्यव्यवस्था होती. कोणी कुठे राहायचे, कोणत्या शाळेत शिकायचे, कोणाशी लग्न करायचे, हे कायद्याने ठरत असे. क्रिकेटही त्याला अपवाद नव्हते. केप टाऊनमध्ये जन्मलेल्या बॅसिल डी'ऑलिव्हिएरा यांना गोरे नसल्यामुळे मायदेशाकडून खेळता आले नाही. ते इंग्लंडला गेले, तिथल्या संघात आले. १९६८ मध्ये त्यांचा समावेश असलेल्या इंग्लंड संघाला येऊ देण्यास आफ्रिकेच्या सरकारने नकार दिला आणि तो दौरा रद्द झाला. १९७० नंतर आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून बाहेर फेकला गेला. त्याचे पुनरागमन १० नोव्हेंबर १९९१ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, भारताविरुद्ध झाले.

कायदे गेले, पण त्यांचे परिणाम तेवढ्यावर संपले नाहीत. मखाया एन्टिनी १९९८ मध्ये कसोटी खेळणारा आफ्रिकेचा पहिला कृष्णवर्णीय क्रिकेटपटू ठरला. त्याने १०१ कसोटी सामने खेळले. जुलै २०२० मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत त्याने सांगितलेला अनुभव अनेकांना धक्का देऊन गेला. जेवायला जाताना कोणी सहकारी त्याच्या खोलीचे दार ठोठावत नसे. सगळे आपापसांत बेत ठरवत आणि त्याला वगळून निघून जात. संघाच्या बसमध्ये तो मागे बसला, तर बाकीचे पुढे जाऊन बसत. शेवटी तो आपली बॅग बसचालकाकडे देऊन हॉटेलपासून मैदानापर्यंत धावत जाऊ लागला. परततानाही तो धावतच येई. ही त्याची तंदुरुस्तीची शिस्त असावी, असे लोकांना वाटत होते. प्रत्यक्षात तो एकटेपणापासून पळत होता.

त्याच महिन्यात वेगवान गोलंदाज लुंगी एन्गिडीने 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' चळवळीबद्दल संघाने भूमिका घ्यावी, असे म्हटले. त्यावर काही गोऱ्या माजी खेळाडूंनी त्याच्यावर टीका केली. उत्तरादाखल तीसहून अधिक माजी कृष्णवर्णीय, मिश्रवंशीय व भारतीय वंशाचे खेळाडू आणि प्रशिक्षक एन्गिडीच्या पाठीशी उभे राहिले. मंडळाला चौकशी नेमावी लागली. २०२१ मध्ये एकीकडे या चौकशीत जुन्या खेळाडूंच्या साक्षी सुरू होत्या आणि दुसरीकडे संघ विश्वचषक खेळत होता. संघाचे नेतृत्व तेम्बा बवुमा करत होता. आफ्रिकेच्या संघाला मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. सर्वोत्तम फलंदाजांपैकी एक असलेला डी कॉक का खेळत नाही, याचे उत्तर पत्रकारांना त्यालाच द्यावे लागले.

वर्णद्वेष की वर्णभेद? व्याख्येचा घोळ काय?

मराठीत यासाठी दोन शब्द सर्रास वापरले जातात. वर्णद्वेष आणि वर्णभेद. बातम्यांमध्ये ते एकमेकांच्या जागी येतात, पण त्यांचा रोख वेगळा आहे. 'द्वेष' ही मनातली भावना आहे. 'भेद' ही वागणूक आहे, व्यवस्था आहे. द्वेष न करताही भेद करता येतो किंवा भेद करणाऱ्या व्यवस्थेचा फायदा घेता येतो. एन्टिनीला बसमध्ये एकटे सोडणाऱ्या प्रत्येकाच्या मनात द्वेष होता का, हे सिद्ध करता येणार नाही. तो एकटा पडला, याबद्दल मात्र शंका नाही.

व्याख्येतला वाद नेमका इथेच आहे. पहिल्या अर्थानुसार वर्णद्वेष म्हणजे एखाद्या व्यक्तीने दुसऱ्याला वंश किंवा रंगामुळे कमी लेखणे. यात दोषी एक माणूस असतो आणि पुरावा त्याच्या बोलण्यात किंवा कृतीत शोधला जातो. दुसऱ्या अर्थानुसार नियम, सवयी, निवडीच्या पद्धती आणि जुन्या अन्यायातून आलेली विषमता मिळून एका गटाला सतत मागे ठेवत असतील, तर तोही वर्णभेदच. यात कोणी एक खलनायक सापडेलच असे नाही. अमेरिकेत १९६७ मध्ये स्टोकली कारमायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी यासाठी 'संस्थात्मक' हे विशेषण वापरले. ब्रिटनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या हत्येच्या तपासावरील १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने लंडन पोलिसांच्या कामाबाबत तोच शब्द वापरला.

शब्दकोशांनाही हा वाद चुकला नाही. २०२० मध्ये अमेरिकेतील नुकत्याच पदवीधर झालेल्या एका तरुणीने मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाच्या संपादकांना पत्र लिहिले. वाद घालताना लोक शब्दकोशातील व्याख्या पुढे करतात आणि मनात द्वेष नाही म्हणजे वर्णद्वेष नाही, असे सांगून विषय संपवतात, अशी तिची तक्रार होती. संपादकांनी ती मान्य केली आणि व्यवस्थेचा अर्थ अधिक ठळक करण्याचे ठरवले.

आंतरराष्ट्रीय कायदा याबाबत बराच आधी स्पष्ट झाला होता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ डिसेंबर १९६५ रोजी स्वीकारलेल्या वांशिक भेदभावविरोधी करारात वंश, रंग, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवर आधारलेला भेद, वगळणे, निर्बंध किंवा झुकते माप यांचा समावेश आहे. अशा वागणुकीचा हेतू किंवा परिणाम समान हक्क हिरावण्याचा असला, की तो भेदभाव ठरतो. या व्याख्येतला 'किंवा' महत्त्वाचा आहे. हेतू सिद्ध झाला नाही तरी परिणाम पुरेसा आहे.

हेतू चांगला असेल तर?

क्रिकेट पाहणाऱ्या भारतीयांना हा प्रश्न दोन प्रसंगांतून सहज कळेल. वेस्ट इंडिजला दोनदा ट्वेन्टी-२० विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार डॅरेन सॅमी आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळला. तिथे त्याला 'कालू' म्हणत. त्याचा अर्थ धष्टपुष्ट, बलदंड असा काहीतरी असावा, असे त्याला वाटत होते. २०२० मध्ये एका कार्यक्रमातून खरा अर्थ समजला, तेव्हा तो संतापला. नंतर एका माजी सहकाऱ्याशी त्याचे बोलणे झाले. ते प्रेमाने म्हटले जात होते, असे त्याला सांगण्यात आले आणि सॅमीने ते मान्यही केले. म्हणणाऱ्याच्या मनात द्वेष नसेलही. तरी ज्याला हाक मारली जाते त्याला अर्थ ठाऊक नाही आणि हाक मारणाऱ्यांना तो पक्का ठाऊक आहे, ही स्थिती बरोबरीची नव्हती.

दुसरा प्रसंग चेतेश्वर पुजाराचा. यॉर्कशायर या इंग्लिश काउंटीकडून खेळताना नाव उच्चारणे अवघड जाते म्हणून त्याला 'स्टीव्ह' म्हटले जाई. समालोचनातही ते गमतीने सांगितले गेले. नंतर त्याच काउंटीचा माजी खेळाडू अझीम रफीकच्या तक्रारी पुढे आल्या आणि आशियाई खेळाडूंना सरसकट 'स्टीव्ह' म्हणण्याची सवय तिथे होती, असा आरोप झाला. तेव्हा या गमतीकडे वेगळ्या नजरेने पाहिले गेले. हे नाव रूढ करण्यात वाटा असलेला गोलंदाज जॅक ब्रूक्सने २०२१ मध्ये पुजाराची माफी मागितली. रफीकने नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. पुढे क्लबने आपल्यावरील आरोप मान्य केले आणि २०२३ मध्ये त्याला दंड व गुणकपातीची शिक्षा झाली. सहकाऱ्यांमधली थट्टामस्करी हा बचाव तोपर्यंत टिकला नव्हता.

गुडघा टेकण्याची प्रथा कुठून आली?

ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकी फुटबॉलमधील सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाचा क्वार्टरबॅक कॉलिन केपरनिक राष्ट्रगीताच्या वेळी बाकावर बसून राहिला. कृष्णवर्णीयांवर होणाऱ्या पोलिसी अत्याचाराचा तो निषेध होता. हा सैनिकांचा अपमान असल्याची टीका झाली. त्यावर माजी सैनिक आणि काही काळ व्यावसायिक फुटबॉल खेळलेला नेट बॉयर त्याला भेटला. बसण्याऐवजी एक गुडघा टेकावा, असे त्या चर्चेतून ठरले. सैनिक शहीद साथीदाराच्या कबरीपाशी असाच एक गुडघा टेकतात, असे बॉयरचे म्हणणे होते. १ सप्टेंबर २०१६ रोजी केपरनिकने पहिल्यांदा गुडघा टेकला. आज जी कृती उद्धट मानली जाते, ती मुळात आदर राखून निषेध कसा करावा, या चर्चेतून आली होती.

वाद मात्र शमला नाही. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अशा खेळाडूंना संघमालकांनी हाकलावे, असे जाहीर सभेत सांगितले. त्या वर्षी मार्चमध्ये करारमुक्त झालेल्या केपरनिकला एकाही संघाने घेतले नाही. संघमालकांनी संगनमत केल्याची तक्रार त्याने केली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तडजोड झाली. तो पुन्हा या स्पर्धेत खेळला नाही. मे २०२० मध्ये मिनीआपोलिस येथे एका पोलीस अधिकाऱ्याने नऊ मिनिटांहून अधिक काळ मानेवर गुडघा दाबून धरल्याने जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. त्यानंतर ही कृती जगभर पोहोचली. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये आणि ८ जुलैला साउदम्पटनला इंग्लंड-वेस्ट इंडिज कसोटीपूर्वी खेळाडूंनी गुडघे टेकले. खेळाडूंचे म्हणणे आधी ऐकले नाही ही आपली चूक होती, अशी कबुली अमेरिकी फुटबॉल लीगनेही दिली. केपरनिकला मात्र मैदान परत मिळाले नाही.

आधीच्या खेळाडूंना काय किंमत मोजावी लागली?

मुहम्मद अली यांनी एप्रिल १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला. त्यांचे विश्वविजेतेपद काढून घेण्यात आले, पाच वर्षे कैदेची शिक्षा झाली. अपील प्रलंबित असल्याने ते तुरुंगात गेले नाहीत, पण ऐन उमेदीची सुमारे साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर गेली. जून १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. १९९६ मध्ये त्याच अलींच्या हस्ते अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत पेटवण्यात आली.

१६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटी ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर शर्यत १९.८३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकणारा टॉमी स्मिथ आणि कांस्यपदक विजेता जॉन कार्लोस पदकमंचावर काळे हातमोजे घातलेली मूठ उंचावून उभे राहिले. कृष्णवर्णीयांच्या दारिद्र्याचे प्रतीक म्हणून त्यांनी बूट काढले होते. रौप्यपदक विजेता ऑस्ट्रेलियाचा गोरा धावपटू पीटर नॉर्मनने त्यांना पाठिंबा देणारा बिल्ला छातीवर लावला. स्मिथ आणि कार्लोस यांना अमेरिकी संघातून निलंबित करून परत पाठवण्यात आले. २००६ मध्ये नॉर्मन यांचे निधन झाले, तेव्हा या दोघांनी त्यांच्या शवपेटीला खांदा दिला.

या उदाहरणांत एक साम्य आहे. निषेध झाला तेव्हा तो बहुसंख्यांना चुकीचा, अवेळी आणि देशविरोधी वाटला. गौरव झाला तो काही दशकांनी, जेव्हा त्यातून कोणाची गैरसोय होण्याची शक्यता उरली नव्हती.

नियम काय सांगतात?

ऑलिम्पिक सनदेतील नियम ५० नुसार स्पर्धास्थळी कोणतीही निदर्शने किंवा राजकीय, धार्मिक, वांशिक प्रचार करता येत नाही. टोकियो ऑलिम्पिकआधी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या खेळाडू आयोगाने साडेतीन हजारांहून अधिक खेळाडूंची मते घेतली. पदकमंचावर निदर्शने नकोत, असे ६७ टक्के खेळाडूंचे म्हणणे होते. जुलै २०२१ मध्ये नियम थोडा सैल झाला. स्पर्धा सुरू होण्यापूर्वी मैदानावर भूमिका मांडायला मुभा मिळाली, पदकमंचावर बंदी कायम राहिली. त्यानंतर ब्रिटन, चिली, अमेरिका, स्वीडन यांच्या महिला फुटबॉल संघांनी टोकियोत गुडघे टेकले.

क्रिकेटमध्ये चित्र अधिक गोंधळाचे आहे. मार्च २०१९ मध्ये पुलवामातील शहिदांच्या सन्मानार्थ भारतीय संघ रांचीत लष्करी टोप्या घालून खेळला. आयसीसीने त्याला परवानगी दिली होती. तीनच महिन्यांनी विश्वचषकात महेंद्रसिंह धोनीच्या यष्टिरक्षणाच्या हातमोज्यांवरील 'बलिदान' हे लष्करी चिन्ह मात्र काढायला लावले. २०२०-२१ मध्ये गुडघा टेकण्यास आडकाठी नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाला 'सर्व जीव समान आहेत' आणि 'स्वातंत्र्य हा मानवी हक्क आहे' अशा आशयाचे शब्द लिहिलेले बूट पर्थ कसोटीत घालू दिले नाहीत. गाझातील युद्ध सुरू असल्याने हे शब्द राजकीय मानले गेले. त्याने दंडाला काळी फीत बांधली, त्यावरही त्याला समज देण्यात आली. कोणती कृती राजकीय, कोणती मानवतावादी आणि कोणती देशभक्तीची, हे प्रत्येक वेळी प्रशासक ठरवतात. त्यामुळे 'खेळात राजकारण नको' हा नियम सर्वांना सारखा लागू होताना दिसत नाही.

विरोध करणाऱ्यांच्या मुद्द्यांत तथ्य आहे का?

विरोधाचे सगळे मुद्दे द्वेषातून येतात, असे मानणे सोपे आहे, पण बरोबर नाही. पहिला मुद्दा प्रेक्षकांचा आहे. लोक तिकीट काढून खेळ पाहायला येतात, त्यांच्यावर भूमिका लादू नये. दुसरा मुद्दा नोकरीचा. संघ खासगी मालकीचे असतात आणि अमेरिकी घटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्य सरकारपासून संरक्षण देते, मालकापासून नाही. तिसरा मुद्दा मर्यादेचा. आज एका विषयाला परवानगी दिली, तर उद्या प्रत्येक संघर्षाचे झेंडे मैदानावर येतील आणि कोणाला नाही म्हणायचे, हा पेच पडेल. ऑलिम्पिकमधील खेळाडूंचा कौल या मुद्द्याच्या बाजूने होता.

चौथा मुद्दा सर्वात वजनदार आहे आणि तो कृष्णवर्णीय खेळाडूंकडूनच आला. प्रीमियर लीगमध्ये खेळणाऱ्या विल्फ्रेड झाहाने २०२१ मध्ये गुडघा टेकणे थांबवले आणि तो ताठ उभा राहू लागला. ही कृती सामन्याआधीची सवय होऊन बसली आहे, तरी शिवीगाळ सुरूच आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच वर्षी ११ जुलैला युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकवलेल्या रॅशफर्ड, सँचो आणि साका या तिघा इंग्लिश खेळाडूंवर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. संपूर्ण स्पर्धाभर इंग्लंडचा संघ गुडघा टेकत होता. झाहा आणि डी कॉक दोघेही उभे राहिले, पण त्यांची कारणे एकच नव्हती. उभे राहण्यावरून मनातले ओळखता येत नाही. गुडघा टेकण्यावरूनही ते ओळखता येत नाही.

भारताचा संबंध काय?

गुडघा टेकण्याची वेळ भारतीय संघावरही आली. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी, डी कॉक प्रकरणाच्या दोनच दिवस आधी, दुबईत पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यापूर्वी भारतीय खेळाडूंनी गुडघा टेकला. ही संघ व्यवस्थापनाची सूचना होती, असे कर्णधार विराट कोहलीने सांगितले. सामना भारताने गमावला आणि त्याच रात्री मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून समाजमाध्यमांवर लक्ष्य करण्यात आले. काही दिवसांनी कोहलीने पत्रकार परिषदेत शमीची ठाम बाजू घेतली आणि धर्मावरून हल्ला करणाऱ्यांचा कडक शब्दांत निषेध केला. सामन्यापूर्वीच्या त्या कृतीपेक्षा हे बोलणे अधिक थेट होते. ते सूचनेवरून केलेले नव्हते आणि ते आपल्या ड्रेसिंग रूममधल्या माणसाबद्दल होते.

महाराष्ट्राला तर या वादाचा शतकभर जुना धडा आहे. पुण्यात युरोपीय क्लबच्या मैदानावर काम करता करता गोलंदाजी शिकलेले बाळू पालवणकर हे आपल्या काळातील श्रेष्ठ फिरकी गोलंदाज. चर्मकार समाजातील असल्यामुळे पुण्याच्या हिंदू क्लबकडून खेळताना त्यांना चहा वेगळ्या कपातून, पॅव्हेलियनबाहेर दिला जाई. संघाला त्यांच्या चेंडूचा विटाळ नव्हता, कपाचा होता. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी कर्णधारपदासाठी डावलल्याच्या निषेधार्थ संघातून माघार घेतली. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. मैदानावर न उतरून केलेला तो निषेध होता आणि मागणी ठोस होती.

जात आणि वंश एकच नाहीत, पण कायद्यात त्यांची गाठ पडते. १९६५ च्या करारातील 'कूळ' हा शब्द भारताच्या सूचनेवरून आला. पुढे या शब्दात जात येत नाही, अशी भूमिका भारत सरकारने घेतली. २००१ मध्ये दर्बान येथील जागतिक परिषदेतही यावरून वाद झाला. कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या समितीने २००२ मध्ये जातीवर आधारित भेदभाव त्यात येतो, असे स्पष्ट केले.

मग सक्ती योग्य की अयोग्य?

सक्तीबाबत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल उपयोगी पडतो. धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत न गाणाऱ्या, पण आदराने उभे राहणाऱ्या केरळमधील तीन विद्यार्थ्यांना शाळेने काढून टाकले होते. १९८६ मध्ये न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचे स्वातंत्र्यही येते, हा त्यामागचा विचार. निषेधाचेही तसेच आहे. केपरनिकची कृती अर्थपूर्ण होती, कारण ती न करण्याची मोकळीक त्याला होती आणि करण्याची किंमतही. आदेशाने टेकलेल्या गुडघ्यात या दोन्ही गोष्टी नसतात.

पण डी कॉकची बाजू इथे पूर्ण होत नाही. आपल्या कुटुंबात कृष्णवर्णीय आहेत, हे त्याचे उत्तर 'तुझ्या मनात द्वेष आहे का' या प्रश्नाला होते. एन्टिनीच्या अनुभवातून उभा राहणारा प्रश्न वेगळा होता. संघात एक माणूस वर्षानुवर्षे एकटा का पडला आणि ते कोणाच्याच लक्षात कसे आले नाही? या प्रश्नाला कोणाच्या मनाची स्वच्छता हे उत्तर असू शकत नाही.

आफ्रिकेच्या मंडळाच्या चौकशीचा शेवटही हेच दाखवतो. डिसेंबर २०२१ च्या अहवालात माजी कर्णधार ग्रॅमी स्मिथ आणि तत्कालीन प्रशिक्षक मार्क बाउचर यांच्या वर्तनावर ठपका होता. २०२२ मध्ये लवादाने स्मिथला दोषमुक्त केले आणि बाउचरवरील आरोप मंडळाने मागे घेतले. 'कोण वर्णद्वेषी?' या प्रश्नाची फाइल तिथे बंद झाली. साक्ष देणाऱ्या खेळाडूंनी सांगितलेले अनुभव मात्र नोंदीत आहेत. निवड कशी होते, कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत खेळपट्ट्या आणि प्रशिक्षक आहेत का, संघात आलेल्या मुलाला जेवणाच्या टेबलावर जागा मिळते का, या प्रश्नांची उत्तरे गुडघा टेकल्याने मिळत नाहीत आणि न टेकल्यानेही मिळत नाहीत.